तान्ह्या बाळाची रात्रपाळी: बेळगाव भागातील नव्या आईबाबांसाठी

माझे माहेर चंदगड तालुक्यातले आणि सासर बेळगावातल्या वडगावचे. आमच्या गल्लीत विणकरांची घरे आहेत आणि विजेच्या मागांची खटखट रात्री उशिरापर्यंत चालते. बाळंतपणानंतर माहेरी राहून तिसऱ्या महिन्यात मुलीला घेऊन सासरी आले, तेव्हा या आवाजाने तिची झोप मोडेल या भीतीने मी पहिल्याच रात्री खिडक्या घट्ट लावून घेतल्या. घडले मात्र उलटे. माग चालू असेपर्यंत ती शांत झोपली आणि पावसाने वीज गेल्यावर माग थांबले, त्या अचानक पडलेल्या शांततेत दचकून रडायला लागली. बाळाला गर्भात असल्यापासून ऐकू येते. गरोदरपणी मी याच घरात होते आणि हीच खटखट तिच्या कानांवर पडत होती. आपल्याला जो त्रास वाटतो तो बाळाला त्रासच असतो असे नाही, हे मला त्या रात्री कळले.

पहिले तीन महिने मी बाळाला रात्रभर झोपवण्याच्या युक्त्या शोधण्यात घालवले आणि त्यात फार दमले. घरातल्या माणसांच्या झोपेच्या वेळा, खोलीची मांडणी आणि पाजण्याची तयारी बदलली, तेव्हा कुठे रात्री निभावू लागल्या. जे मला कोणी नीट क्रमाने सांगितले नाही ते इथे क्रमाने लिहीत आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा आणि मात्रा या लेखापेक्षा वरच्या मानाव्यात.

१. पहिले दोन आठवडे: झोपलेल्या बाळालाही उठवून पाजा

सर्वात आधी ही गोष्ट लिहिते आहे तशीच लक्षात ठेवा, कारण माझी सर्वात मोठी चूक इथेच झाली. बेळगावच्या एका रुग्णालयातून तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बाळाला किती वेळाने पाजायचे हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. माहेरी आल्यावर मुलगी पाच-पाच, सहा-सहा तास सलग झोपू लागली. मी उठवायला गेले की आई म्हणायची, "झोपलंय ते लेकरू झोपू दे की गं, उठवतीस कशाला? भूक लागली की रडतंय ते." सगळे घर म्हणत होते की गुणाचे बाळ आहे.

सातव्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी झोळीच्या काट्यावर वजन केले, मग पायाचा तळवा अंगठ्याने हलका दाबून सोडला आणि तिथली त्वचा पिवळी दिसते का ते खिडकीच्या उजेडात पाहिले. दिवसभरात किती लंगोट ओले झाले, असे त्यांनी विचारले. मी आठवून तीन म्हणाले. त्यांनी आम्हाला त्याच दुपारी परत रुग्णालयात पाठवले. वजन जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटले होते आणि कावीळ वाढली होती. दोन दिवस मुलगी निळ्या दिव्याखाली होती.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच आणि साधारण दोन आठवड्यांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर येते. परंतु पोटात दूध कमी गेले की बाळ सुस्तावते, सुस्तावले की आणखी कमी पिते, आणि शी कमी झाल्यामुळे काविळीचे द्रव्य शरीराबाहेर पडत नाही. म्हणून बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत दिवसा आणि रात्रीही तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे हे या वयाचे नेहमीचे प्रमाण आहे. बाळ उठत नसेल तर अंगावरचे दुपटे काढा, लंगोट बदला, तळपायांना बोट घासा आणि उघड्या छातीशी धरा. इतके करूनही बाळ दूध ओढत नसेल तर सकाळची वाट पाहू नका.

दूध पुरते आहे की नाही हे ओल्या लंगोटांवरून कळते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी व्हायला हवी आणि शी काळपट न राहता पिवळी झालेली असावी. मी नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक पाजण्याला एक उभी रेघ आणि प्रत्येक ओल्या लंगोटाला एक गोल काढू लागले. झोपेअभावी स्मरणावर विसंबता येत नाही, त्यामुळे ही नोंद पहिला महिनाभर ठेवावीच.

२. बाळाच्या झोपेचा हिशेब समजून घ्या

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते. त्याच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे ५० मिनिटांचे असते आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग चळवळ्या झोपेचा असतो. या काळात बाळ कण्हते, तोंड वाकडे करते, हातपाय झाडते, कधी हसते, आणि तरीही ते झोपलेलेच असते. मी सुरुवातीला प्रत्येक कण्हण्यावर तिला उचलत होते आणि खरे म्हणजे मीच तिला जागे करत होते. पहिले दोन आठवडे संपून वजन वाढू लागले की आवाज आल्यावर लगेच न उचलता मिनिटभर पाहत राहावे. मूठ तोंडाकडे नेणे, मान वळवून तोंडाने शोधणे, ओठ चोखणे या भुकेच्या खुणा दिसल्या तर मात्र रडण्याआधीच पाजायला घ्यावे, कारण रडून थकलेले बाळ नीट पीत नाही.

दिवस आणि रात्र यांतला फरक बाळाला जन्मतः कळत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हळूहळू कळू लागतो. संध्याकाळचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वात जास्त असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. सहाव्या आठवड्यात "दूध आटले असेल" असे म्हणून पुष्कळ घरांत वरच्या दुधाचा डबा येतो. लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध आटलेले नाही. या दिवसांत बाळ दर तासाला मागेल तेव्हा दर तासाला पाजावे, कारण जितके दूध ओढले जाते तितके तयार होते. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक प्रमाणात असते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचे पाजणे बंद करून दिवसा भरून काढण्याचा विचार करू नये.

३. अंधार पडण्यापूर्वी खोली मांडून ठेवा

रात्री अडीच वाजता सुके दुपटे शोधत दिवा लावून फिरणे म्हणजे घरातल्या चौघांची झोप मोडणे. आम्ही रोज दिवेलागणीच्या वेळी एका टोपलीत पुढील वस्तू भरून अंथरुणाशेजारी ठेवत असू:

- सहा ते आठ लंगोट, तीन दुपटी, एक जादा झबले, आणि हिवाळ्यात टोपडे;
- कोमट पाण्याचा छोटा थर्मास, मऊ सुती फडके आणि ओल्या कपड्यांसाठी झाकणाची बादली;
- आईसाठी पिण्याच्या पाण्याचा तांब्या आणि खायला काहीतरी;
- मंद उजेडाची, चार्ज केलेली बॅटरी किंवा दिवा;
- डिजिटल तापमापक;
- पाठीला आणि कोपराखाली घ्यायला दोन उशा, ज्या पाजून झाल्यावर बाळापासून दूर ठेवायच्या.

आईच्या खाण्याकडे दुर्लक्ष होते म्हणून मुद्दाम सांगते. पाजताना रात्री खरी भूक लागते आणि तहान तर इतकी लागते की घसा कोरडा पडतो. डिंकाचा किंवा आळिवाचा लाडू, भाकरीचा तुकडा, केळे, जे असेल ते हाताशी असावे. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, असे काही घरांत अजून सांगतात, ते ऐकू नये.

खानापूरकडच्या गावांत पावसाळ्यात वीज तासन्तास जाते. अशा घरांनी मेणबत्तीवर किंवा रॉकेलच्या चिमणीवर विसंबू नये. मच्छरदाणीजवळ उघडी ज्योत धोक्याची असते. लंगोट पावसात वाळत नाहीत, तेव्हा त्यांची संख्या दुप्पट धरावी. ओलसर लंगोट निखाऱ्यावर वाळवण्यापेक्षा इस्त्री फिरवून घ्यावी.

४. बाळाची झोपण्याची जागा

बाळाला प्रत्येक वेळी पाठीवर झोपवावे, दुपारच्या छोट्या झोपेतही. पोटावर किंवा कुशीवर झोपवल्याने झोपेत श्वास बंद पडून अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो. पोटावर ठेवण्याचा सराव बाळ जागे असताना, कोणीतरी समोर बसलेले असताना करावा. गादी घट्ट आणि सपाट असावी. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावे.

आपल्याकडे बाळाच्या आगमनासाठी आजी जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ शिवून ठेवते. माझ्या आजीने शिवलेल्या वाकळीचा एकेक टाका मला प्रिय आहे. ती वाकळ बाळाच्या खाली ताणून, घडी न पडता अंथरावी. अंगावर सैल पांघरूण म्हणून घालू नये, कारण ती तोंडावर ओढली गेली तर या वयाचे बाळ ती दूर करू शकत नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी वापरण्याची पद्धत आहे, तीही टाळावी. डोक्याचा आकार जपायचा असेल तर जागेपणी पोटावर ठेवणे आणि झोपवताना तोंडाची दिशा आलटूनपालटून ठेवणे पुरते.

बेळगावची हवा डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच गार होते आणि मग बाळाला कुंची, टोपडे, स्वेटर, त्यावर घोंगडे असे थरावर थर चढतात. आपल्याला जितके कपडे लागतात त्याहून एक थर जादा, एवढे सुदृढ बाळाला पुरेसे असते. मानेच्या मागे हात लावून पाहावा. तिथे घाम असेल तर बाळाला उकडते आहे. दुपट्यात गुंडाळायचे असेल तर छातीशी फार आवळू नये आणि पाय आत हलतील इतके सैल ठेवावे. बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे थांबवावे.

साडीच्या झोळीत बाळ पटकन शांत होते हे मी पाहिले आहे, तरीही रात्रभराच्या झोपेसाठी मी ती सुचवणार नाही. झोळीत पाठ वाकून हनुवटी छातीला टेकते आणि लहान बाळाची श्वासाची वाट त्यामुळे अरुंद होते. झोळीत किंवा मांडीवर झोपी गेलेल्या बाळाला सपाट जागेवर उतरवून ठेवावे.

आता शेगडी आणि धुरी. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून त्यावर ओवा, शेपा, ऊद टाकण्याची प्रथा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांच्या घरांत आहे. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. बाळाची फुप्फुसे तर साध्या धुरानेही बिघडतात. पेटती शेगडी घेऊन दार लावून कोणीही झोपू नये. अंग शेकायचे असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून आईने घ्यावी आणि बाळापासून लांब ठेवावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने त्या खोलीत झोपू नये.

५. रात्रीचे एक पाजणे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

भुकेची खूण दिसली की मोठा दिवा लावू नका आणि बाळाशी गप्पा मारू नका. आधी बसण्याची जागा नीट करा. पाठ भिंतीला टेकलेली, कोपराखाली उशी, आणि बाळाचे कान, खांदा व कंबर एका रेषेत येईल असे पोट आपल्या पोटाला टेकलेले. बाळाने तोंड मोठे उघडले की त्याला स्तनाकडे आणावे. आपण वाकून स्तन तोंडात कोंबला की पाठही दुखते आणि बाळाला फक्त बोंडशी मिळते. बोंडशीच्या भोवतालचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. पाजताना सतत दुखत असेल तर पकड चुकली आहे. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे. चिरा पडल्यावर रात्री पाजणे नकोसे होते आणि तिथून दूध कमी होत जाते, म्हणून पकड पहिल्या आठवड्यातच आशाताईंकडून किंवा परिचारिकेकडून तपासून घ्यावी.

एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्यावी, मग दुसरी द्यावी. लंगोट मध्ये, म्हणजे एक बाजू झाल्यावर बदलावा. शेवटी बदलायला गेले की झोपी गेलेले बाळ पुन्हा जागे होते. त्यानंतर खांद्यावर घेऊन काही मिनिटे पाठीवर हळू हात फिरवावा. प्रत्येक वेळी ढेकर येतोच असे नाही. नाही आला तर तासभर थोपटत बसू नये. शी झाली नसेल आणि लंगोट थोडासाच ओला असेल तर रात्री तो बदललाच पाहिजे असेही नाही.

एक सापळा मी स्वतः अनुभवला आहे. पाचव्या आठवड्यात पहाटे साडेतीनच्या सुमारास लाकडी खुर्चीत बसून पाजताना माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा मुलीचे डोके माझ्या दंडावरून घसरून खुर्चीच्या हातापाशी गेले होते आणि नाक माझ्या साडीच्या चुण्यांत दबले होते. ती बरी होती, पण माझे हात सकाळपर्यंत थरथरत होते. झोप अनावर होत असेल तर खुर्चीवर किंवा सोफ्यावर पाजायला बसूच नये. घट्ट, सपाट अंथरुणावर, उशा-पांघरुणे बाजूला सारून, कुशीवर पडून पाजावे आणि झाल्यावर बाळाला त्याच्या जागी ठेवावे. शक्य असेल तेव्हा दुसऱ्या माणसाने पाजून होईपर्यंत जागे राहावे.

६. रात्र वाटून घ्या

अंगावर पाजणे आईलाच करावे लागते, परंतु बाळाला उचलून आणणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे, पुन्हा झोपवणे, आईला पाणी देणे ही सगळी कामे बाबा, आजी, मावशी कोणीही करू शकते. आमच्याकडे सासरी आल्यावर ठरले ते असे: रात्री ९ ते १ या वेळात मी झोपायचे आणि बाळ माझ्या नवऱ्याकडे, ते फक्त पाजण्यापुरते माझ्याजवळ आणून द्यायचे आणि लगेच घेऊन जायचे. एक वाजल्यानंतर माझी पाळी. पहाटे पाचला सासूबाई उठतात, तेव्हा पाजून झाले की बाळ त्यांच्याकडे. पाजण्यापुरती जाग सोडली तर चार तास झोप मिळाल्यावर मी पुन्हा माणसात आले, असे मला वाटले.

हे रात्री रागाच्या भरात ठरवू नये. दिवसा, जेवणे झाल्यावर, सगळ्यांसमोर बोलावे. माझ्या नवऱ्याला सकाळी कामावर जायचे होते, म्हणून सासूबाईंना आधी हे पटले नव्हते. "आई, तिला सलग झोप मिळाली नाही तर दूधही नीट येणार नाही," असे नवऱ्याने स्वतः सांगितल्यावर त्या मानल्या. सुनेने मागण्यापेक्षा मुलाने सांगितले तर घरात ते लवकर रुजते, हे आपल्या घरांचे वास्तव आहे आणि त्याचा उपयोग करून घेण्यात कमीपणा नाही.

आईला कामावर परतायचे असेल किंवा एखाद्या रात्री पूर्ण विश्रांती हवी असेल तर दूध काढून ठेवता येते. हात स्वच्छ धुऊन, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध गार खोलीत ४ तास टिकते. फ्रीजच्या आतल्या भागात मी ते २४ तासांपर्यंत ठेवत असे. वीज वारंवार जात असेल तर तो काळ कमी धरावा. ते उकळू नये. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला उभट धरून, त्याच्या गतीने पाजावे.

७. वरचे दूध द्यावेच लागले तर

काही आयांना वैद्यकीय कारणाने पावडरचे दूध द्यावे लागते. त्यात अपराध काही नाही. मात्र तो निर्णय डॉक्टरांनी वजन पाहून घ्यावा, दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करणे आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंद आहे, हेही लक्षात असू द्या.

डब्यावर लिहिलेले पाण्याचे आणि चमच्यांचे प्रमाण तंतोतंत पाळावे. डबा पुरवायचा म्हणून पातळ केले तर बाळाला पोषण मिळत नाही, आणि रात्री जास्त झोपावे म्हणून घट्ट केले तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पाणी उकळून, ते अजून चांगले गरम असतानाच पावडर घालावी आणि मग भांडे थंड पाण्यात धरून कोमट करावे. बनवलेले दूध बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि बाळाने उष्टे सोडलेले फेकून द्यावे. वर्षाच्या आत गाईचे किंवा म्हशीचे दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये.

८. घरातले सल्ले: काय ऐकावे, काय नम्रपणे टाळावे

तेल लावून आंघोळ, अंगाई, छातीशी धरून फेऱ्या मारणे, आजीची मांडी हे सगळे मनापासून घ्यावे. मात्र पहिले सहा महिने बाळाच्या पोटात आईच्या दुधाखेरीज काही जाऊ नये, पाणीसुद्धा नाही. अपवाद फक्त डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा आणि रोजच्या ४०० युनिट ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचा. शांत झोपेसाठी म्हणून सहाणेवर उगाळलेली गुटी, ग्राइप वॉटर, साखरपाणी देऊ नये. मध तर पहिले वर्षभर चाटवूही नये, कारण त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. कानानाकात तेल आणि डोळ्यांत काजळ घालू नये.

वडीलधाऱ्यांना थेट "तुम्ही चुकता" म्हणण्याने काही साधत नाही. मी गुटीची सहाण सासूबाईंसमोर ठेवून म्हणाले होते, "आई, सहा महिने होऊ देत, मग डॉक्टरांना विचारून ठरवू." लसीकरणाच्या दिवशी त्यांना सोबत नेले आणि परिचारिकेलाच सांगायला लावले. तो प्रश्न तिथे मिटला.

बारसे आणि पाहुण्यांचा राबताही झोप मोडतो. बाळाला या हातातून त्या हातात फिरवले की ते दमते आणि त्याची रात्र बिघडते. पाहुण्यांना दुपारी चार ते सहा अशी वेळ सांगावी आणि आल्यावर आधी हात धुवायला लावावेत.

९. दिवस-रात्र ओळखायला मदत करा

दिवसा बाळ झोपले तरी खिडकी उघडी, घरातले आवाज नेहमीसारखे. संध्याकाळनंतर उजेड कमी, बोलणे हळू, आणि रोज त्याच क्रमाने अंग पुसणे, कपडे बदलणे, पाजणे, अंगाई. दोन महिन्यांनंतर हा क्रम उपयोगी पडू लागतो. त्याआधी तो लागला नाही म्हणून खट्टू होऊ नका. साधारण चौथ्या महिन्यात झोप पुन्हा बिघडते, कारण तेव्हा झोपेची घडणच बदलत असते. सहा महिन्यांच्या आत रात्री एक-दोनदा पिणे अगदी साधे आहे, आणि शेजारचे बाळ रात्रभर झोपते या बोलण्यावर आपल्या बाळाला तोलू नये.

६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींच्या रात्री बाळ किरकिरे होते, मांडीवर सूज येते, ताप येऊ शकतो. त्या रात्रीसाठी तापाच्या थेंबांची वजनाप्रमाणे मात्रा केंद्रातच लिहून घ्यावी, अंदाजाने देऊ नये. सूज चोळू नये.

१०. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात असेल तर

चंदगड, गडहिंग्लज, आजरा भागातल्या पुष्कळ मुली बेळगाव, निपाणी, खानापूरकडे दिलेल्या असतात आणि बाळंतपणात सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतात. रुग्णालयात बाळंत झालेल्या आईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. पण तुम्ही त्या गावात आहात हे त्यांना कळले तरच. म्हणून माहेरी पोहोचताच तिथल्या आशाताईंना आणि परत येताच सासरच्या आशाताईंना कळवा. माझ्या आईने तो निरोप दिला नसता तर सातव्या दिवशी मुलीचे वजन कोणी केले असते?

कर्नाटकातले तायी कार्ड, म्हणजे आई आणि बाळाच्या तपासण्यांच्या नोंदींचे सरकारी कार्ड, कन्नडमध्ये असते. सुट्टीच्या कागदावरील जन्माचे वजन, रक्तगट, दिलेल्या लसी आणि तारखा एका वहीत मराठीतही उतरवून ठेवाव्यात. पुढील कागद एकाच पिशवीत, दाराशी टांगून ठेवा: तायी कार्ड, सुट्टीचा कागद, लसीकरणाच्या नोंदी, आईचे आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत आणि ती वही. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

११. सकाळची वाट पाहू नये असे प्रसंग

दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या काखेत ताप ३७.५ अंश सेल्सियस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, किंवा पोट आणि तळपाय गार लागले, बाळाने दूध ओढणे सोडले, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक झाला, छाती आत खेचली जाऊ लागली, झटके आले, हिरवी उलटी झाली, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा उठवूनही बाळ उठेना, तर ताबडतोब निघावे. श्वास पूर्ण मिनिटभर, बाळ शांत असताना मोजावा.

रात्रीच्या पाळीला कन्नडच बोलणारे कर्मचारी भेटले तर घाबरून शब्द सुचत नाहीत. ही तीन वाक्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: "कूसु हालु कुडियुत्तिल्ल" म्हणजे बाळ दूध पीत नाही, "ज्वर बंदिदे" म्हणजे ताप आला आहे, "उसिराटद तोंदरे इदे" म्हणजे श्वासाचा त्रास आहे.

१२. आईकडे पाहा

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस विनाकारण रडू येते आणि ते साधारण दोन आठवड्यांत थांबते. त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपलेले असतानाही झोप येईना, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, किंवा आपण नसलेलेच बरे असे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्याला नाटक म्हणू नये, नजर लागली म्हणून दृष्ट काढून थांबू नये.

रडणे असह्य होऊन हात उचलावासा किंवा बाळाला गदागदा हलवावेसे वाटले, तर त्याला पाठीवर सुरक्षित जागी ठेवून खोलीबाहेर यावे, पाच मिनिटे उभे राहावे आणि कोणालातरी उठवावे. पाच मिनिटे रडल्याने बाळाला इजा होत नाही. हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

१४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. आई स्वतः फोन करण्याच्या अवस्थेत नसेल तर नवऱ्याने किंवा आईवडिलांनी करावा आणि तिला एकटे ठेवू नये. आपल्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय करण्याचे ती बोलत असेल, किंवा असंबद्ध वागत असेल, तर फोनवर न थांबता तिला त्याच रात्री रुग्णालयात न्यावे आणि बाळाला दुसऱ्या माणसाकडे सोपवून सोबत घ्यावे.